ताई, वहीतल्या ‘गळाले’ या रकान्यासाठी आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुरुंगातल्या व्यसनमुक्ती गटांचं काम तुम्ही आता दुसऱ्यांच्या हाती सोपवलंत. शाल-श्रीफळ नको म्हणालात, म्हणून हे पत्र. ते उघडं लिहितोय, कारण तुम्ही जे दिलंत ते नाशिकपुरतं ठेवायचं नाही असं आम्हा सगळ्यांनाच वाटतं. धुळे, जळगाव, ठाणे, कुठेही कोणी बंद्यांसाठी उपचाराचा गट सुरू करत असेल, तर त्याच्या हाती हे पडावं.

पहिले आभार त्या लांबोडक्या वहीचे. आडव्या पानावर सात रकाने. पहिल्यात नाव नाही, नुसता क्रमांक. नावांची यादी वेगळ्या कपाटात, कुलपात. दुसऱ्यात गटात बसल्याची पहिली तारीख, तिसऱ्यात नशा कशाची आणि किती वर्षांची, चौथ्यात एकूण किती तास बसला. पाचव्या रकान्याचं नाव ‘गळाले’, आणि त्याखाली कारण: जामीन, बदली, शिक्षा संपली, कारखान्यात कामावर लागला, भांडण, कंटाळा. सहाव्यात सुटकेची तारीख आणि पहिली रात्र कुठे काढणार. सातवा रकाना सगळ्यात रुंद, त्यात तीन ओळी: सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं. पेन्सिल वापरायची नाही आणि काही खोडायचं नाही. एकदा जो गटात बसला तो वहीतून जात नाही, मग तो पुढे एकदाच आला असेल तरी.

हा पाचवा रकाना का हवा, हे बाहेरून पाहणाऱ्याला पटकन कळत नाही. सगळे एकच प्रश्न विचारतात: तुरुंगातल्या उपचाराने पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण किती घटतं? आणि उत्तर म्हणून सगळ्यात मोठा आकडा उचलतात. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळच्या डोनोवन तुरुंगातला ‘अमिटी’ हा कार्यक्रम घ्या. तिथे बंदी नऊ ते बारा महिने वेगळ्या बराकीत एकत्र राहायचे, कामं वाटून घ्यायचे, एकमेकांना जाब विचारायचे. सुटल्यावर इच्छा असेल त्याला बाहेरच्या निवासात पुढचा उपचार मिळायचा. १९९९ साली तीन वर्षांचा हिशेब छापून आला. आतला आणि बाहेरचा, दोन्ही उपचार पूर्ण केलेल्यांपैकी २७ टक्के पुन्हा तुरुंगात आले. उपचार न मिळालेल्यांपैकी ७५ टक्के. केवढा फरक! पण त्याच तक्त्यात आणखी एक ओळ आहे: फक्त आतला उपचार पूर्ण केला आणि बाहेरचा घेतलाच नाही, त्यांच्यापैकी ७९ टक्के परत आले. म्हणजे न घेतलेल्यांइतकेच.

पुढे २००४ मध्ये त्याच लोकांचा पाच वर्षांचा हिशेब आला. यात उपचाराच्या बाजूला नेमलेले सगळे धरले होते, मधेच सोडून गेलेलेसुद्धा. तेव्हा परत आलेल्यांचं प्रमाण निघालं ७५.७ टक्के, आणि दुसऱ्या बाजूचं ८३.४. फरक उरला सात-आठ टक्क्यांचा. आमच्यातल्या कितीजणांचा चेहरा हे ऐकून पडला असेल. तुम्ही मात्र शांतपणे सांगितलंत की २७ चा आकडाही खोटा नाही आणि ७५.७ चाही नाही, दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. शेवटपर्यंत टिकणाऱ्याकडे बऱ्याचदा आधीपासूनच काहीतरी असतं: घेऊन जायला आलेला भाऊ, परत घेणारा मालक, किंवा स्वतःची जिद्द. फक्त टिकलेल्यांना मोजलं की ते सगळं श्रेय उपचाराच्या खात्यात जमा होतं. म्हणून गळालेले मोजायचे. आणि सात-आठ टक्के म्हणजे शंभरातली सात-आठ घरं, हेही तुम्हीच बजावलंत.

टेक्सासमधल्या अशाच कार्यक्रमाचे आकडे तुम्ही वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवले होते. तीन वर्षांत परत आलेले: बाहेरचा उपचार पूर्ण केलेले २५ टक्के, उपचार अजिबात न मिळालेले ४२ टक्के, आणि आतला घेऊन बाहेरचा अर्धवट सोडलेले ६४ टक्के. डेलावेअरमध्ये तीन वर्षांत एकदाही अटक न झालेले पाहिले, तर उपचार न मिळालेल्यांत २९ टक्के आणि पुढचा पाठपुरावाही घेतलेल्यांत ६९ टक्के. तीन राज्यं, तीन कार्यक्रम, आणि सगळीकडे एकच गोष्ट दिसते: आत जे कमावलं ते फाटकाबाहेर कोणी हात धरला तरच टिकतं. नाहीतर सांडून जातं. कॅलिफोर्नियाने पुढे हजारो बंद्यांसाठी असे गट उघडले, पण बाहेरची बाजू लंगडी ठेवली. २००७ मध्ये तिथल्या महानिरीक्षकांच्या कार्यालयाने हिशेब मांडला, की १९८९ पासून सुमारे एक अब्ज डॉलर खर्चून पुनर्गुन्ह्यावर परिणाम जवळपास दिसलाच नाही.

आता आतल्या पहिल्या आठवड्याबद्दल, कारण तिथे तुम्ही जीव वाचवलेत आणि त्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

नवा बंदी आत आला की मुलाहिज्याच्या, म्हणजे पहिल्या तपासणीच्या वेळीच चार प्रश्न विचारायचे, हा तुमचा आग्रह. शेवटची दारू कधी घेतली, रोज किती, गोळ्या घेतोस का, आधी कधी दारू सुटल्यावर फिट आली होती का. रोज पिणाऱ्याची दारू अटकेमुळे अचानक तुटते. सहा ते चोवीस तासांत हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, माणूस अंगावरचे किडे झटकायला लागतो, कोणाशीतरी बोलतो, ताप चढतो. बराकीत याला ‘नाटक करतोय’ म्हणतात नाहीतर ‘येडा झालाय’, आणि इथेच माणूस दगावतो. ही नाटकं नाहीत, दवाखान्यात हलवायची वेळ आहे. त्यातही एक बारकावा तुम्ही प्रत्येक नव्या परिचारिकेला सांगायचात: ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. वर्षानुवर्षं दारूवर जगलेल्या शरीरात ते संपलेलं असतं. आधी नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. इंजेक्शन स्वस्त आहे, क्रम चुकला तर मात्र फार महागात पडतं.

मालेगावकडून येणाऱ्यांत ‘कुत्ता गोळी’ असते, म्हणजे बहुतेक वेळा अल्प्राझोलाम. ती एकदम बंद केली तरी फिट येते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांत पायरी-पायरीने उतरवायची. एमडी, म्हणजे मेफेड्रोन घेणाऱ्याचं उलटं. त्याला फिटची भीती कमी, पण पहिले काही दिवस तो नुसता झोपतो, खातो, आणि मग इतका खचतो की जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा धोका असतो. अशा वेळी त्याला एकट्याला ठेवायचं नाही. एमडीसाठी पर्यायी औषध नाही, हेही तुम्ही स्पष्ट सांगायचात. खोटी आशा तुम्ही कोणालाच दिली नाहीत, आईवडिलांनासुद्धा.

गटाबद्दल लिहावं तेवढं थोडं. दहा ते बारा जण, गोल बसायचं, दीड तास, आठवड्यातून तीनदा, लॉकअपच्या आणि गिनतीच्या वेळा सांभाळून. व्याख्यान नाही. ‘दारू वाईट’ हे ऐकायला कोणी गटात येत नाही, ते त्याला तुमच्याआधी त्याच्या बायकोने सांगितलेलं असतं. तुम्ही साखळी मांडायला लावायचात. शनिवारी पगार झाला, सातपूरच्या कंपनीतून सुटलो, अमुक मित्र भेटला, खिशात पैसे, घरी भांडण झालेलं, मग पहिला पेग, मग कोणाची तरी मोटारसायकल. प्रत्येक कडीवर थांबून विचारायचं, इथे दुसरं काय करता आलं असतं? उत्तर बोलून दाखवायचं नाही, करून दाखवायचं. मित्राला ‘नाही’ म्हणण्याचा सराव समोर बसलेल्या मित्रावरच. हे दहादा केलं की जीभ वळते.

एक नियम तुम्ही फळ्यावर कायम ठेवला: नशेबद्दल बोला, चालू खटल्याबद्दल नाही. कच्च्या कैद्याने गटात गुन्ह्याचा तपशील सांगितला तर उद्या तो त्याच्यावरच उलटू शकतो, आणि एकाचं जरी असं झालं तर पुढे कोणी तोंड उघडणार नाही.

कच्च्या कैद्यांवरून आठवलं. परदेशातले कार्यक्रम शिक्षा झालेल्यांसाठी बांधलेले असतात, सुटकेची तारीख आधीच माहीत असते. आपल्याकडे २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार तुरुंगातल्या चारांपैकी तीन जण न्यायाधीन आहेत. त्यांना कोणत्या संध्याकाळी जामीन होईल सांगता येत नाही. नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम त्यांच्या काय कामाचा? तुम्ही तो मोडलात. सहा बैठकांचे छोटे तुकडे केलेत, आणि प्रत्येक बैठक स्वतःत पूर्ण, जणू तीच शेवटची. पहिल्याच बैठकीच्या शेवटी बाहेरचा पत्ता, दोन फोन नंबर आणि १४४४६ ही मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन पाठ करून घ्यायची, चिठ्ठीवर नाही, कारण चिठ्ठ्या हरवतात. हा बदल कोणत्या पुस्तकात नव्हता. आमच्या मते तुमचं सगळ्यात मोठं काम हेच.

शिक्षाबंद्यांसाठी मात्र तुम्ही तास मोजायचात. कॅनडातल्या ओंटारिओच्या तुरुंगात २००५ साली छापलेल्या अभ्यासात दिसलं होतं, की मध्यम धोक्याच्या बंद्याला साधारण १०० तास पुरतात, पण जास्त धोका आणि अनेक अडचणी असलेल्याला ३०० तासही लागू शकतात. आठवड्याला साडेचार तास धरले तर १०० तासांना पाच महिने होतात, तेही एकही दिवस न चुकता. कोर्टाची तारीख, बदली, सणाची सुट्टी, पाहुण्यांची भेट यात तास गळतात. म्हणून चौथ्या रकान्यात प्रत्यक्ष बसलेले तास लिहायचे, वेळापत्रकातले नाही. प्रमाणपत्र तासांवर द्यायचं, छायाचित्रासाठी नाही. जामीन अर्जाला किंवा शिक्षेतल्या माफीला उपयोगी पडेल म्हणून नुसतं प्रमाणपत्र मागणारे येतातच. त्यांनाही बसू द्या, पण तास पूर्ण झाल्याशिवाय कागद नाही, यावर तुम्ही कधी तडजोड केली नाहीत.

आणि सगळ्यांना एका गोलात कोंबायचं नाही. पहिल्यांदाच आत आलेला, घरदार शाबूत असलेला पोरगा आणि सातव्यांदा आलेला मुरलेला माणूस एकत्र बसवला, तर शिकतो पोरगाच, पण नको ते. ओहायोमध्ये सुटलेल्यांना ठेवायच्या निवासांच्या २००२ च्या पाहणीत हेच दिसलं: जास्त धोक्याच्या लोकांना फायदा, कमी धोक्याच्यांचं उलट बिघडलं. इंग्लंडमध्ये तर लैंगिक गुन्हेगारांसाठी वर्षानुवर्षं चाललेला एक मोठा उपचार कार्यक्रम २०१७ मध्ये थांबवावा लागला. सरासरी आठ वर्षांहून जास्त पाठपुराव्यात उपचार घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा तसाच गुन्हा केला होता, न घेतलेल्यांपैकी ८ टक्क्यांनी. हे पान तुम्ही आम्हाला दरवर्षी वाचायला लावायचात. चांगल्या मनाने केलेलं कामही घात करू शकतं आणि मोजल्याशिवाय ते कळत नाही, याची धास्ती आम्हाला लागली ती तुमच्यामुळे.

इगतपुरी इतकी जवळ, त्यामुळे विपश्यनेचा प्रश्न नेहमी येतो. तुम्ही त्यातही रास्त बोललात. १९७५ मध्ये जयपूरच्या तुरुंगात पहिलं शिबिर झालं, पुढे तिहारमध्ये मोठी शिबिरं झाली. सिएटलजवळच्या एका तुरुंगात शिबिर पूर्ण केलेल्यांपैकी दोन वर्षांत ५६ टक्के परत आले, तिथल्या एकूण बंद्यांत हे प्रमाण ७५ टक्के होतं. पण दहा दिवस मौन पाळायला तयार होणारा माणूस मुळातच वेगळा असतो, तेव्हा सगळा फरक शिबिराच्या नावावर लावू नका, असं तुम्ही म्हणायचात. आणि दारू-गोळ्या तुटून चार दिवस झालेल्याला शिबिरात बसवू नका. त्याला आधी डॉक्टर हवा.

आता फाटक. नाशिकरोडचा तुरुंग म्हटला की लोकांना बंद्यांनी घडवलेले शाडूचे गणपती आठवतात, आणि ते कौतुक खरंच आहे. आम्हाला मात्र तुमचा तपकिरी लिफाफा आठवतो. सुटकेच्या तीस दिवस आधीपासून तो भरायला घ्यायचा. आधार कार्डाची प्रत. चालू औषधाची चिठ्ठी आणि डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर थोड्या दिवसांच्या गोळ्या. पहिल्या तीन दिवसांच्या आतली एक ठरलेली भेट, तारीख आणि वेळेसह. ‘कधीतरी ये’ असं म्हणायचं नाही. पहिली रात्र कुठे, याचं उत्तर. न्यायला कोण येणार, आणि तो आलाच नाही तर दुसरा कोण. ज्याचं घर सुरगाणा, पेठ, मालेगावला आहे त्याची शेवटची एसटी कितीची. जामिनाचा आदेश दुपारी निघतो, पोचतो संध्याकाळी, माणूस अंधार पडल्यावर बाहेर. गाडी निघून गेलेली, खिशात थोडे पैसे, आणि जेलरोडवर ओळखीचं कोणी भेटलं तर ते बहुधा जुनंच कोणी. तुमच्या हिशेबाने अख्ख्या उपचारातली सगळ्यात अवघड वेळ हीच, पहिले तीन तास.

त्यातला वैद्यकीय धोका आम्हाला आधी नीट माहीत नव्हता. वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ मध्ये सुटलेल्या ३०,२३७ जणांचा अभ्यास झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर लोकांच्या १२.७ पट, आणि नशेचा डोस जास्त होऊन मरण्याचा १२९ पट. कारण सरळ आहे. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते, डोक्यातली मात्र नाही. माणूस बाहेर येऊन जुनाच डोस घेतो आणि श्वास थांबतो. तिथली नशा वेगळी होती, आपल्याकडे जोर दारू आणि गोळ्यांवर जास्त, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा नाशिकला लावता येणार नाही. पण दारूवर गोळी घेतली की श्वास मंदावतोच. म्हणून शेवटच्या बैठकीत ‘घेऊच नकोस’ एवढ्यावर न थांबता ‘घेतलीसच तर पहिल्यासारखी घेऊ नकोस, एकटा घेऊ नकोस, गोळी आणि दारू एकत्र नको’ हेही तुम्ही सांगायचात. त्यावरून तुम्हाला बोलणी बसली. तुमचंच बरोबर होतं, हे आज इथे लिहून ठेवतो.

ज्यांना ब्राउन शुगर किंवा तत्सम अफूजन्य नशा आहे त्यांच्यासाठी औषधोपचार आहे, तो आतच सुरू करून सुटल्यावर अखंड ठेवायचा. दिल्लीच्या तिहारमध्ये २००८ पासून ब्युप्रेनॉर्फिन हे औषध दिलं जातं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या ३८२ बंद्यांचा चार वर्षं पाठपुरावा झाला. त्यातले १७ जण वारले, पण मेथाडोन या तशाच औषधावर असताना एकही नाही. आणि जे सलग आठ महिने किंवा जास्त काळ औषधावर राहिले त्यांची तुरुंगात परतण्याची शक्यता सगळ्यात कमी होती. ‘एक नशा सोडवून दुसरी लावता’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही हा अभ्यास दाखवायचात, न चिडता.

वकील मित्रांसाठी तुम्ही एक ओळ कायम राखून ठेवलेली असायची, तीही इथे देतो. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ३९ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला त्याच्या संमतीने हमीपत्रावर उपचारासाठी सोडण्याचा अधिकार कलम ३९ खाली न्यायालयाला आहे. अर्ज फारसे होत नाहीत म्हणून तो क्वचितच वापरात येतो.

शेवटी सातवा रकाना. पाठपुरावा म्हणजे फोन लावणं नव्हे, हे तुम्ही आम्हाला घासून शिकवलंत. नंबर तीन महिन्यांत बदलतो, म्हणून दोन नंबर हवेत आणि दुसरा आईचा किंवा बहिणीचा, मित्राचा नाही. ‘परत आला’ म्हणजे काय हे आधी ठरवायचं: नवी अटक, नवी शिक्षा, की पुन्हा तुरुंगवास? तिन्हींची उत्तरं वेगळी येतात, आणि अधेमधे व्याख्या बदलली तर हवा तो आकडा काढता येतो. इथून सुटलेला माणूस ठाण्यात पकडला गेला तर आपल्या नोंदीत तो सुधारलेलाच दिसतो. कोणी सुरतला कामाला गेलेला असतो, कोणी वारलेला असतो. तुम्ही त्या ओळीत ‘ठीक’ लिहू द्यायचा नाहीत. ‘सापडला नाही’ असंच लिहायचं. सापडला नाही म्हणजे सुधारला असं नाही, आणि बिघडला असंही नाही.

संचित रजेवर (फर्लो) किंवा अभिवचन रजेवर (पॅरोल) जाणाऱ्याला तुम्ही छोटी सुटकाच मानायचात. तोच लिफाफा, तीच तीन दिवसांतली भेट. परत आल्यावर गटात पहिला प्रश्न: कुठे पाय घसरायला आला होता? इतकी खरी माहिती दुसऱ्या कुठल्याच मार्गाने मिळत नाही.

वहीच्या कोऱ्या पानांचा नमुना आम्ही तुमच्या परवानगीने छापून घेतला आहे, सातही रकान्यांसह. ज्यांना हवा त्यांनी मागावा. जुन्या वह्या कुलपात आहेत आणि किल्ली दोघांकडेच आहे, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. मागच्या दिवाळीत सुटलेल्यांची एक वर्षाची ओळ पुढच्या दिवाळीत भरायची आहे. ती भरून झाली की वही घेऊन तुमच्या घरी येतो. ‘सापडला नाही’ किती आहेत ते तुम्ही आधी बघाल, हे माहीत आहे.

तुमचे,
सुटून आलेल्यांसोबत काम करणारे आम्ही सगळे,
नाशिक